हरिहरेश्वरचा एक दिवस आणि बाबांची पाउणकी

"पप्पा, खडूचा डोंगर असतो का हो?"

रात्रीची जेवणे आटोपून मी ओटीवर सुपारी कातरत बसलो होतो. आमच्या धाकटीने एक पुस्तक माझ्या नाकासमोर धरले. पानावर निळा समुद्र होता, आणि त्या समुद्रातून सुरीने कापून काढल्यासारखा पांढराशुभ्र कडा सरळ वर आला होता. खाली लिहिले होते, 'डोव्हरचे कडे, इंग्लंड.'

"असतो की," मी म्हणालो. "हा बघ, खडूचाच आहे."

"मग आपण जाऊ या ना! रविवारी!"

आता मानकोलीच्या माणसाने रविवारी डोव्हरला कसे जायचे? आमचे गाव भिवंडी तालुक्यात, मुंबई–नाशिक रस्त्यावर. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला गोदामेच गोदामे. कागदाच्या रिमापासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत मुंबईकरांच्या घरात जे जे येते, त्यातले बरेचसे आधी आमच्या शिवेवर मुक्काम करून जाते. २०२५ साली मोठागावचा पूल सुरू झाला आणि खाडीपलीकडची डोंबिवली शेजारच्या आळीसारखी झाली. पण इंग्लंडला जाणारा पूल काही अजून कोणी बांधलेला नाही.

मी तिची समजूत घातली. "खडूचा नाही, पण समुद्रातून असाच उभा राहिलेला कडा आपल्याकडेही आहे. काळ्या दगडाचा. हरिहरेश्वरला."

कोपऱ्यात बाबा माळ ओढीत बसले होते. त्यांची माळ थांबली. "तिथलं तुझ्या आईचं राहिलंय," ते एवढेच म्हणाले, आणि माळ पुन्हा सुरू झाली.

आईने हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचा नवस बोलला होता. मी लहानपणी विषमज्वराने आजारी पडलो होतो, तेव्हाचा. मी बरा झालो, मोठा झालो, नोकरीला लागलो, माझे लग्न झाले. प्रत्येक वर्षी आई म्हणायची, "औंदा जाऊ." ते औंदा काही आले नाही, आणि आई गेली. तेव्हा धाकटीच्या खडूच्या डोंगरापायी का होईना, आमचा बेत ठरला.

त्या बेताची, आणि त्यात झालेल्या फजितीची, ही हकीकत आहे. फजिती थोडक्यात निभावली म्हणून आज सांगता येते. वाचकांपैकी कोणी अशा सफरीला निघणार असतील, तर आमच्या ठेचेने त्यांना शहाणे होता यावे, एवढाच हेतू.

तेवीस कलमे आणि एक पुनव

बेत करण्यात आमचे घर कोणाला हार जाणारे नाही. मुक्काम करणे शक्य नव्हते. मला रविवारखेरीज सुटी नाही, आणि बाबांना परक्या अंथरुणावर झोप लागत नाही. म्हणजे पहाटे निघून रात्री परत. मी कागद घेऊन बसलो. गाडी पुतण्याची. पेट्रोल आदल्या दिवशी भरायचे. पाण्याच्या सहा बाटल्या. तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, बटाट्याची सुकी भाजी. देवदर्शनाला जायचे म्हणून सुकटीला सक्त मनाई. धाकटीला गाडी लागते म्हणून आवळासुपारी. बाबांचे औषध, टॉवेल, छत्री, नारळ, उदबत्ती. असे लिहिता लिहिता तेवीस कलमे झाली. आमच्या सौ.नी शेवटी "सुटे पैसे" हे चोविसावे कलम सुचवले, ते मी तेविसाव्यातच बसवले.

दिवस ठरला रविवार, ५ फेब्रुवारी २०२३. निघायच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले, "उद्या पुनव आहे."

"हो बाबा, माघी पौर्णिमा," मी म्हणालो. "चांगलाच दिवस आहे दर्शनाला."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलणार होते, पण मी दोरीने डबा बांधण्यात गुंतलो होतो. ते झोपायला गेले.

पहाटे पाचला निघालो. खारेगाव, मुंब्र्याचा वळणरस्ता, शिळफाटा, कळंबोली, पनवेल. पुढे कर्नाळ्याचा सुळका उजाडताना दिसला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव. या गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्याने कोकणी माणसाचा अंत पाहिला. आमचाही थोडा पाहिला. माणगावहून महामार्ग सोडून म्हसळ्याकडे वळलो, आणि सव्वाअकराच्या सुमारास हरिहरेश्वरला पोचलो. दोनशे किलोमीटरांच्या वर प्रवास झाला होता. सगळे ठरल्याप्रमाणे! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

येथला रिवाज असा की आधी काळभैरवाचे दर्शन घ्यायचे, मग हरिहरेश्वराचे, मग प्रदक्षिणा, आणि शेवटी पुन्हा काळभैरव. प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, देवळामागच्या डोंगराभोवती. मागच्या पायऱ्यांनी थोडे चढायचे, मग दोन उंच खडकांच्या फटीतून पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्राच्या तोंडाशी उतरायचे, आणि कडा उजव्या हाताला व समुद्र डाव्या हाताला ठेवून, खडकाच्या सपाट ओट्यावरून चालत पुळणीवर यायचे. आई ज्या वाटेने चालणार होती ती ही वाट.

आम्ही फटीतून उतरू लागलो. दगडांच्या भिंती दोन्ही बाजूंनी जवळ आलेल्या, वर आकाशाची पट्टी. धाकटी पुढे, तिचा हात माझ्या हातात, मागे बाबा. शेवटच्या पायऱ्यांशी आलो आणि पाहतो तो वाट नाहीच! जिथे ओटा असायचा तिथे हिरवेगार पाणी खालीवर होत होते. क्षणभर पाणी मागे सरले, खडकाचा एक तुकडा उघडा पडला. मला वाटले, तेवढ्यात पुढच्या खडकावर जाता येईल. मी एक पायरी उतरलो. धाकटीही उतरली.

लाट आली ती आवाज करीत आली नाही. पाणी नुसते फुगले. ते माझ्या गुडघ्यावर आणि धाकटीच्या कमरेवर आले, आणि मग मागे फिरले. पाणी येताना ढकलते हे सर्वांना ठाऊक असते. जाताना ते किती ओढते, ते मला त्या दिवशी कळले. पायाखालची पायरी शेवाळाने साबणासारखी झालेली. धाकटीचा हात माझ्या मुठीतून निसटू लागला. तेवढ्यात कोणीतरी मागून माझी कॉलर धरली आणि दोघांनाही वर खेचले. चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा! त्यांचा दुसरा हात खडकाच्या कपारीत रुतला होता, आणि बोटांतून रक्त येत होते. नारळ पाण्यात गेला होता.

वर आल्यावर नारळ विकणाऱ्या एका बाईने आम्हाला जी खरडपट्टी दिली, ती मी येथे लिहीत नाही. तिचा मथितार्थ असा, की पुनवेच्या दिवशी भर दुपारी प्रदक्षिणेला उतरणारी माणसे एक तर वेडी असतात, नाही तर मुंबईची. आम्ही मुंबईचे नव्हतो. खाडीकाठचे होतो. म्हणून ते शब्द जास्त लागले.

परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. माझ्या कागदावर तेवीस कलमे होती. त्यांत समुद्राचे एकही नव्हते.

अकरा पाऊण सव्वाआठ

नंतर कितीतरी दिवस हरिहरेश्वरचा विषय घरात निघाला नाही. तो काढला धाकटीनेच. पण मला विचारून नव्हे.

"आजोबा, तुम्ही आदल्या दिवशी पुनव आहे असं का म्हणालात?"

बाबा तरुणपणी खाडीत रेतीच्या होड्यांवर होते. डुबी मारून तळाची रेती बादलीने वर काढायची आणि होडी भरायची, हे त्यांचे काम. भरलेली होडी भरतीच्या पाण्यावर वर न्यायची, रिकामी ओहोटीबरोबर खाली आणायची. पाण्याची वेळ चुकली तर होडी चिखलात बसायची आणि दिवसाचा रोज बुडायचा. या माणसाला भरतीओहोटी शिकवण्याची गरज नव्हती. त्याला विचारण्याची गरज होती, आणि ते आमच्यापैकी कोणी केले नाही.

"तुला पाउणकी येते?" बाबांनी तिला विचारले.

तिला कुठली यायला? पावकी, निमकी, पाउणकी हे पाढे माझ्याच पिढीत बुडाले. बाबांना मात्र ते अजून मुखोद्गत आहेत. त्यांनी ओटीवर खडू मागवला आणि फरशीवरच मांडून दाखवले.

"तिथीची पाउणकी केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी घे. आठ पाऊण सहा. म्हणजे सहाला भरती, सकाळी अन् संध्याकाळी. मग ओहोटी कधी? मधोमध, बाराला. आता पुनव घे. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. आपण कधी पोचलो होतो?"

"सव्वाअकरा," धाकटी हळूच म्हणाली.

मी ऐकत होतो. कान तापले.

हिशेब सोपा आहे, आणि त्यामागचे कारणही. समुद्राला ओढतो तो मुख्यतः चंद्र. चंद्र रोज पन्नासएक मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढीच उशिरा येते. आपल्या वाडवडिलांनी त्याचा पाऊण तास धरला. मुंबईच्या किनाऱ्याला अमावास्या–पौर्णिमेची भरती दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, तिथून मोजणी सुरू होते. शुद्ध पक्ष असो की वद्य पक्ष, मोजणी एकच. भरतीनंतर सहा तास आणि वर बारा-पंधरा मिनिटांनी ओहोटी पुरी होते.

पण बाबांनी तीन अटी घातल्या, आणि त्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली : ही वेळ ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आता तर छापील कोष्टके मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरतीओहोटीची कोष्टके काढतो, वर्तमानपत्रांतही मुंबईची वेळ येते. पाउणकीने दिवस ठरवावा आणि कोष्टकाने घटका.

दुसरी : ठिकाणानुसार वेळ बदलते. आमच्या खाडीत पाणी आत शिरत शिरत यायला वेळ लागतो, म्हणून इथली भरती मुंबईच्या मागून येते. उलट मुंबईच्या दक्षिणेला, कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर, ती मुंबईच्या थोडी आधी येते. म्हणून हरिहरेश्वरला मुंबईच्या वेळेवर विसंबून रेंगाळू नये. थोडे आधीच उरकावे.

तिसरी : सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या–पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. पाणी खूप चढते आणि खूप उतरते. मुंबईला मोठ्या उधाणाचे पाणी साडेचार मीटरांच्याही वर जाते. अष्टमी–नवमीला भांगाचे पाणी असते. ते फार चढत नाही, पण फार उतरतही नाही. तेव्हा अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असली, तरी वाट पुरती उघडी पडेलच असे नाही.

आता आमच्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्याचे कोडे पाहा. उधाणाची ओहोटी सगळ्यांत चांगली, पण ती येते सकाळी सहाला नि संध्याकाळी सहाला. त्या वेळी आम्ही रस्त्यावर. अष्टमीची ओहोटी येते भर दुपारी, पण ती अर्धवट. मधला मार्ग म्हणजे एकादशी–द्वादशी. अकरा पाऊण सव्वाआठ, आणि त्यात सहा तास नि थोडे मिळवले की दुपारचे अडीच. पाणी भांगाचे उरलेले नाही, उधाणाकडे झुकलेले आहे. वेळही गैरसोयीची नाही.

धाकटीने कॅलेंडर आणले. रविवार हवा. दशमी, एकादशी किंवा द्वादशी हवी. वर्षातल्या बावन्न रविवारांतून असे दहाएक निघतात. जून ते सप्टेंबर वर्ज्य, कारण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि त्या खडकांवर पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ. मार्च ते मे काळा दगड तव्यासारखा तापतो, बाबांना सोसणार नाही. उरले तीन-चार. त्यांतला आम्हाला साधणारा एक निघाला : रविवार, २१ जानेवारी २०२४. पौष शुद्ध एकादशी.

"एकादशी म्हणजे माझा उपास," बाबा म्हणाले. "भाकऱ्यांचं ओझं तेवढंच कमी."

पांढरा कडा, काळा कडा

मधल्या दिवसांत धाकटीने खडूच्या डोंगराचा पिच्छा सोडला नव्हता. तिच्यामुळे मलाही चार गोष्टी वाचाव्या लागल्या.

शाळेतला खडू आता बहुधा जिप्समचा असतो, पण डोव्हरचा कडा अस्सल खडूचाच. डोळ्यांना न दिसणारी समुद्रातली शेवाळे असतात, त्यांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात. ती मेली की चकत्या तळाशी साचतात. कोट्यवधी वर्षे साचून त्यांचा दगड झाला, मग तळ वर उचलला गेला, आणि समुद्राने त्याची कड कापली. त्याच किनाऱ्यावर 'सात बहिणी' नावाचे पांढरे कडे ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारचा बीची हेड हा कडा तर १६२ मीटर उंच आहे.

आपला दगड अगदी निराळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, त्याचे थरावर थर बसून सह्याद्री आणि दख्खन झाले. हरिहरेश्वरचा कडा त्याच दगडाचा. म्हणजे इंग्लंडचा खडू साचला तेव्हा आपला काळा पत्थर जन्मलाही नव्हता!

पण कडा घडवणारा कारागीर दोन्हीकडे एकच. लाटा पायथ्याशी मारा करतात, तिथे खाच पडते, खाच वाढली की वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो. मागे हटताना पायथ्याशी खडकाचा सपाट ओटा उरतो. ओहोटीला उघडा पडतो तो हाच ओटा, आणि आपण प्रदक्षिणेला चालतो ते यावरून. वाट समुद्रानेच कोरलेली आहे, आणि दिवसातून दोनदा तो ती परत घेतो. इंग्लंडातही खडूच्या कड्याखाली फिरायला गेलेली माणसे भरतीत अडकतात, त्यांना सोडवायला बोटी पाठवाव्या लागतात. तिथे धोका दुहेरी. खडू मऊ, त्यामुळे वरून दरडी सुटतात. म्हणून कड्याच्या काठावर उभे राहू नये आणि पायथ्याला टेकून बसू नये, असे तिकडे सांगतात. आपला दगड कणखर, पण शेवाळाने निसरडा आणि कालवांच्या शिंपल्यांनी धारदार.

उलटा हिशेब

या खेपेला बेत मी निघण्याच्या वेळेपासून केला नाही. ओहोटीपासून मागे मोजत आलो. ओहोटी अडीचच्या आसपास. हरिहरेश्वरला ती थोडी आधी. पाणी उतरत असताना खाली जायचे आणि ते वळायच्या सुमारास बाहेर असायचे. बाबांच्या पायांनी प्रदक्षिणेला तासभर धरला. म्हणजे दीडला फटीतून उतरायचे. त्याआधी दर्शन, खाणे आणि विसावा यांना दोन तास. म्हणजे साडेअकराला पोचायचे. प्रवास सहा तास, आणि रस्त्याच्या लहरीला एक तास. म्हणून निघायचे साडेचारला. पहाटेच्या आधी आमच्या नाक्यावरचे कंटेनर हलायला लागले की पहिला तास तिथेच जातो, हेही त्यात धरले.

रेल्वेचाही विचार केला होता. आमच्या जवळच्या दिव्याहून कोकण रेल्वेने माणगावला उतरता येते. पण तिथून पुढे साठ-पासष्ट किलोमीटर बस. ज्यांना मुक्काम करायचा आहे त्यांना ती सोयीची. एका दिवसाच्या बेतात मात्र ती बसत नाही.

पोचलो अकराला. गर्दी बेताची होती. काळभैरव झाला, हरिहरेश्वर झाला. हे पेशव्यांचे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले ते याच शेजारच्या श्रीवर्धनचे. बाबांनी शेंगदाण्याचा लाडू आणि उकडलेली रताळी खाल्ली. आम्ही एका घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले होते, तिथे उकडीचे मोदक मिळाले. हेही ध्यानात ठेवावे : आयत्या वेळी गेले तर मोदक मिळत नाहीत.

मग मी एक काम केले, जे मागच्या वेळी केले नव्हते. देवळापाशी जाऊन विचारले, "आज वाट कशी आहे?" उत्तर मिळाले, "दीडनंतर जा. तीनच्या आत या." बाबांची पाउणकी, वर्तमानपत्राचे कोष्टक आणि गावचा माणूस, तिघांचा मेळ बसला.

आमच्या सौ. पुळणीवर, जिथे वाट बाहेर पडते तिथे, घड्याळ घेऊन बसल्या. आम्ही अमुक वेळेत दिसलो नाही तर कोणाला सांगायचे, हे ठरवून ठेवले होते. आम्ही चौघे, बाबा, पुतण्या, धाकटी आणि मी, फटीतून उतरलो.

शेवटच्या पायरीशी मी थांबलो. तीच जागा. पण आज पायरीच्या पुढे काळा, ओला, रुंद ओटा समुद्रात दूरवर पसरलेला होता आणि पाणी त्याच्या पार टोकाशी फेसाळत होते. धाकटीने माझा हात गच्च धरला. बाबा मात्र पुढे झाले. पाऊल टाकण्याआधी ते उभे राहिले आणि पाण्याकडे पाहत राहिले. मी विचारले, "काय झाले?"

"मोजतोय," ते म्हणाले. "मोठ्या लाटा कुठवर येतात ते बघून मग निघावं. दोन बघून नाही चालत, दहापंधरा बघाव्या."

मग निघालो. ते दृश्य मी वर्णन करीत बसत नाही. ज्याने पाहिले त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून समजणार नाही. एवढेच सांगतो की उजव्या हाताचा कडा सगळा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार झालेला आहे. खारे पाणी दगडात मुरते, वाळते, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचे कण उचकटून काढतात, त्याची ही नक्षी. धाकटीने प्रत्येक भोकात बोट घालून पाहिले. खळग्यांत साचलेल्या पाण्यात इवलेसे मासे होते. दक्षिणेला सावित्रीचे मुख आणि पलीकडे बाणकोटचा डोंगर.

वाटेत एका जागी बाबा थांबले. पिशवीतून नारळ काढला, खडकावर ठेवला, हात जोडले. मला वाटले, काही म्हणतील. बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग नारळ उचलून माझ्या हातात देत म्हणाले, "फोड. नवस तुझा होता."

माझा हात नीट चालेना. तिसऱ्या फटक्याला नारळ फुटला.

पुळणीवर आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. सौ.नी घड्याळ पिशवीत टाकले. मागे वळून पाहिले तर ओट्याच्या टोकाकडचे पाणी वळलेले दिसत होते. आम्ही ज्या खळग्यात मासे पाहिले होते, त्याच्या बाजूला फेस पोचू लागला होता.

निघणाऱ्यांसाठी

आता आमच्या कागदावर तेवीसऐवजी थोडीच कलमे राहिली आहेत. ती देऊन ठेवतो.

आधी तिथी पाहा, मग सुटी मागा. पाउणकीने दिवस धरा, कोष्टकाने वेळ, आणि गावात विचारल्याशिवाय उतरू नका. गावकरी नको म्हणाला तर पुळणीवरून कडा पाहून परत या. देव कोठे पळून जात नाही. पाणी उतरत असताना जा, वळायच्या आत बाहेर या. रबरी तळाचे, घट्ट बसणारे बूट घाला. श्रद्धेने अनवाणी चालायचे असेल तर शिंपल्यांची तयारी ठेवा. काळवंडलेला कोरडा दगड बरा, हिरवा चकचकीत दगड टाळा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. या खडकांवर माणसे गेलेली आहेत, ती बहुतेक असल्याच क्षणी. पोराचा हात धरायचा तो मनगटाला, बोटांना नव्हे. एक माणूस बाहेर ठेवा. पावसाळ्यात जाऊच नका. आणि ज्यांच्याने होत असेल त्यांनी एक रात्र मुक्काम करावा. बारा तास गाडीत आणि तासभर कड्यापाशी, हे गणित आम्ही नाइलाजाने मांडले होते. मुक्काम केला तर उधाणाची सकाळची ओहोटी साधता येते, श्रीवर्धन पाहून होते, बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून बाणकोटलाही जाता येते.

आणखी एक कलम आहे, पण ते कागदावर लिहिण्याचे नाही. बेत करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एखादा शब्द टाकला, तर हातातली दोरी खाली ठेवून त्याच्याकडे पाहावे.

आम्ही रात्री दहाच्या सुमारास मानकोलीला पोचलो. धाकटी गाडीतच झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो स्वयंपाकघराच्या दाराशी, घड्याळाखालच्या फळ्यावर खडूने पाढा लिहिलेला : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. पंधरापर्यंत. अक्षर धाकटीचे. सातच्या पुढे दोन ठिकाणी चुकले होते, तिथे बाबांनी बोटाने पुसून दुरुस्त केले होते.